बाही पुरत नाही

१

मानशीन तं मान, पन पैज लावून सांगते, यातलं एक अक्षरही तू मानाची नाहीस. अन् मानू बी नोको. ह्या गल्लीत माह्यावर भरोसा ठेवनारं मानूस अजून जन्माले याचं हाय. मागच्या उन्हाळ्यात तुह्या सासूले मी सांगतलं, नळाले आज ताक येऊन राह्यलं, तं बिचारी पान्याचा गुंड घेऊन पयत आली. आली तं आली, वरतून मलेच विचारते, "जास्त आंबट तं नाही ना वं?"

बस, पुष्पा. तिथं खाटेवर बस. खुर्चीवर नोको. मोडकी नाही हाय, चांगली हाय. खाटेवर बस म्हनलं ना.

काय आनलं, दाखव. मासिकातला कागद व्हय. 'पुरुषांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर.' वा. अंगाची हळद गेली नाही अन् एकदम पूर्ण बाह्या. मी चौथी शिकली, पन असा कागद वाचता येते मले. जिंदगीत एकच वाचला, पन सारा वाचला.

शिकवते वं, शिकवते. पन आंधी आयक. आयकून मंग ठरव, तुले बाही पायजे का नवऱ्याले बंडीच पुरते.

२

हेच खोली. तवा भिंतीले चुना होता, आता रंग हाय, बाकी तेच. हेच खिडकी, समोर तेच ओसरी.

पासष्टची लढाई होऊन गेलती. माहा नवरा लहानू उमरेडच्या खदानीत लागला. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनते, मी घेते, आता त्याचं काय बिघडते. नावासारखाच होता, माह्या खांद्याले लागे. तिकडे गंज गडी, धा-बारा तरी, एका खोलीत राहत, बाई न्याची सोय नव्हती. रविवारी एसटीनं येये, भाकर खाये, झोपे, सांजच्या गाडीनं जाये. बाकीचे दिवस मी अन् भिंती.

पोरबाळ नव्हतं. सासू नव्हती, भांडाले तरी. एका जिवासाठी भाकर थापाले बसलं का पीठ बी हासल्यासारखं वाटे. स्टोव्ह बंद केला का खोली इतकी चुप होये, का मले माह्याच बांगड्यायची शरम वाटे.

गल्लीच्या तोंडाशी महिला मंडळ होतं. लढाईत तिथं बाया जवानायसाठी स्वेटर विनत. मी जाऊन बसली तवा लढाई थांबलती अन् लोकर उरलती. शिकवनाऱ्या प्रेमिला बाई म्हने, "घेऊन जा घरी, नवऱ्यासाठी विण." मातकट हिरवी लोकर. संगं एक छापील कागद. ते लोकर कोन्या मानसासाठी आलती, ते मानूस कुठं पोचलं, पोचलं का नाही, मी विचारलं नाही. फुकट भेटलं, घेतलं.

रविवारी लहानूले म्हनलं, "मी तुमच्यासाठी स्वेटर विनते." तो इतका हासला का झुनका नाकात गेला. म्हने, "तुले फाटकी उशी शिवता येत नाही. तू दोनी बाह्यायसकट स्वेटर पुरा कर, त्याच दिवशी तुले उमरेडले घेऊन जातो. क्वार्टर भेटून राह्यलं मले."

"पलटान नाही ना?"

"पलटलो तं नावाचा लहानू नाही."

बस, तेवढ्यासाठी. नाहीतं मी अन् विनाची सलाई, जमते का.

३

कागद वाचाची माही रीत सांगते. बोट ठेवो, एक शब्द वाचो, तेवढा विनो. मंग बोट पुढं. कागद टाके म्हने, आमी फंदे म्हनो, एवढाच फरक. मनचं काही घालाचं नाही. प्रेमिला बाईनं बजावलं होतं, "तुला समजत नाही तोवर कागद सांगेल तेवढंच कर." मी तेवढंच केलं.

पाठ झाली. पुढा झाला. खांदे जोडले. मंग कागद म्हने, 'बाही खांद्यापासून खाली विणत न्यावी. वरचेवर अंगाला लावून पाहावी. माप घेताना माणसाने हात खाली सोडून सरळ बसावे.'

आता मानूस कुठून आनू? मानूस उमरेडले.

पन माह्यापाशी एक होता.

तसं पाहू नोको. मी कुहीकडची. बापाच्या धानाच्या बांधीत बुजगावनं मी बनवो, असं बनवो का घरचा कुत्रा त्याच्यावर भुंके. त्या थंडीत एक ह्या खोलीत बनवलं. काहून? समोरच्या तुळसाबाईले फसवाले. ती ओसरीवर बसून गल्ली राखे अन् मले दिसली का विचारे, "एकटीच का वं?" रोज. तुले कोनी रोज विचारून पाह्यजो. तं ही खुर्ची घेतली. लहानूच्या सदऱ्यात उशी कोंबली, लेंग्यात धानाची तनस भरली, हातात चिंध्या, पंजाच्या जागी मोजे. मोजे घसरत, म्हनून दोनी हात मांडीवर ठेवून लेंग्याले शिवून टाकले. मुंडकं म्हंजे पालथं गाडगं, त्याले मफलर. खिडकीपाशी पाठमोरा बसवला.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाई म्हने, "मालक सुट्टीवर आले वाटते."

"हाव," म्हनलं. "तब्येत नरम हाय."

घरात आली अन् पदर तोंडात कोंबून हासली. मंग त्याच्याकडे पाहून हासली. मंग त्याच्यासंगंच हासाची सवय लागली. "चहा घेता? नाही? बरं, मले जास्त." रविवारी लहानू याचा असला का मोडून खाटेखाली टाको, तो गेला का पुन्हा बसवो.

मंग मोज्यायचे टाके काढून स्वेटर त्यालेच घातला, मोजे पुन्हा शिवले, दर वेळी तसंच, अन् समोर पिढ्यावर बसून बाही विनाले लागली.

४

बाही मनगटाशी आली. मोज्याले टेकली. झालं म्हनलं, दिवसभर खुश.

सकाळी पाह्यलं तं बाही मोज्याच्या वर दोन बोटं.

म्हनलं लोकर व्हय, भरलेल्या हातावर चढत असन. दोन बोटं विनली. टेकली. दुसऱ्या सकाळी पुन्हा वर. पुन्हा विनली. मले वाटलं, मी शिकाऊ, माहाच हात कुठं तरी घट्ट जाऊन राह्यला. मंग कागद वाचला तं चूक सापडली. कागद म्हनते हात खाली सोडून बसावे, अन् ह्याचे हात मांडीवर शिवले. दुमडल्या हाताचं माप बराबर कसं येईन.

मी त्याले म्हनलं, गमतीनं म्हनलं, "अहो, कागद म्हनते हात खाली सोडा, सरळ बसा. आयकत जा जरा. मोठ्या मानसावानी बसा."

त्याच दिवशी नळावर तुळसाबाई म्हने, "तुहे मालक बोलत नाही, पन मानूस चांगला वाटते. मी खिडकीतून विचारलं, अंजना कुठं गेली, तं मान हालवली त्याइनं."

मी हासली. गुंड भरून वाहून राह्यला तरी नळ बंद कराचं ध्यान नाही.

गाडगं मान कशी हालवते? वारा असन, मफलर उडला असन. मंग एकदम सुचलं अन् जीव भांड्यात पडला. म्हातारीले कळलं. माही चोरी तिनं पकडली अन् आता मलेच बनवून राह्यली. वा वं तुळसाबाई, तू बी माह्याच शाळेतली.

दुसरं काही असाचा सवालच नव्हता. बापानं छप्पनले दीक्षा घेतली, त्याच साली अंगात येनाऱ्या मामाले दारातूनच वापस लावलं. बाप म्हने, दिसलं ते तपासाचं, नाही दिसलं त्याच्या मांगं लागाचं नाही. असं काही बोलली असती तं त्यानं चप्पल काढली असती.

म्हनून मी तपासाले लागली.

५

पयले स्वेटर उतरवून प्रेमिला बाईकडे नेला. तिनं मेजावर पसरला. बाही पाह्यली, मले पाह्यलं, पुन्हा बाही पाह्यली.

"अंजना, हा कोणासाठी?"

"माह्या मालकासाठी."

"अगं, एवढ्या हाताचा माणूस न वाकता गुडघे खाजवील."

साऱ्या बाया हासल्या. मी बी हासली, दुसऱ्याले हासवाचा धंदाच माहा. पन मेजावर ते बाही मेजाच्या काठावरून खाली लोंबत होती, अन् सकाळीच मी ते खुर्चीवर कमी पडताना पाह्यलती.

घरी आली. लहानूचा दुसरा सदरा संदुकीतून काढला, त्याच्या बाहीवर बाही ठेवली अन् जास्तीची सारी उसवली. उसवलेली लोकर पाह्यली का तू? सरळ होत नाही. जिथं जिथं फंदा होता तिथं तिथं वाकडीच राह्यते, लक्षात ठेवल्यासारखी. सदऱ्याएवढी बराबर ठेवली, अन् स्वेटर पुन्हा त्याच्या अंगात घातला.

बाही कोपरापाशी थांबली.

मी तिथंच उभी. खुर्ची करकरली. लाकूड व्हय, थंडीत लाकूड बोलते. तनस बी दबते. मी स्टोव्ह पेटवला. चहा घ्याचा नव्हता. आवाज पायजे होता.

६

आता राह्यली तुळसाबाई. म्हनलं हिलेच पकडू. दुपारी लख्ख ऊन असताना मी ह्याले खिडकीकडे तोंड करून बसवलं, गाडग्यावर मफलर आवळून बांधला, मांडीवरचे शिवलेले मोजे ओढून पाह्यले. पक्के. खोलीले कुलूप लावलं, चाबी कंबरेले खोचली अन् तिच्या ओसरीवर जाऊन तिच्या बाजूलेच बसली. आता हालवून दाखव मान, म्हनलं मनात.

ती तुरीच्या शेंगा सोलून राह्यलती. मी बी सोलाले लागली. खिडकीकडे पाठ करून बसली होती मी. तिचं तोंड पाहाचं होतं मले. खोटं बोलनारं मानूस बोलाच्या आंधी थुंकी गिळते, मले मालूम हाय, मी सोता गिळते तशी.

ती गिळली नाही. शेंग फोडता फोडता सहज म्हने, "आज तुहे मालक कसे बसले वं. फोटो काढाले बसल्यासारखे."

मी वळली नाही. "कसे?"

"सरळ. हात खाली सोडून."

शेंगीतला दाना माह्या हातातून पडला. अंगनभर घरंगळत गेला, मी त्याले पाहत राह्यली. तो थांबला तवा मंग वर पाह्यलं.

खिडकीत ऊन होतं. मफलर दिसला, खांदे दिसले. खांदे खिडकीत मावत नव्हते. एक हात खुर्चीच्या बाजूनं खाली गेलता. कोपरापर्यंत हिरवा. त्याच्या खाली खिडकीचा काठ येते, पन काठाच्या खाली भिंतीत फट हाय, पाह्यली का तू, तिथं, खपली निघाली ते. त्या फटीतही तो हात होता. मोजा अजून आला नव्हता.

तुळसाबाई म्हने, "थंडी वाजत असन त्याइले. बाही आखूड ठेवली वं तुनं."

तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. ती फसवत नव्हती. ते तिले येतच नव्हतं.

मी कुलूप काढून आत आली तवा तो जसा बसवला तसाच होता. उशीएवढी उशी, गाडगं, हात मांडीवर. फक्त ते शिवलेले टाके नव्हते. दोरा खाली पडलता. तुटला नव्हता. उसवून काढलता, ज्याले येते त्यानं काढल्यासारखा.

कुठं जाऊ? कुहीले गेली असती तं बापानं विचारलं असतं, काय दिसलं, सांग. अन् उमरेडले जाची एकच वाट होती, ते सलाईवर टांगलती.

पिढा ओढला अन् त्याच्या समोर बसली. भेवापायी म्हन, का दयेपायी म्हन. कोनाचा हात एवढ्या थंडीत उघडा ठेवाचा कसा. मी विनत गेली. बाही टेकली का हात खाली. टेकली का अजून खाली. मोजा येईपर्यंत. दुसरी बी तशीच. म्हनलं, लहानूले सांगू, बाह्यायची घडी घाल.

७

रविवारी लहानू आला. दर रविवारी त्याले पाहनाऱ्या तुळसाबाईनं त्याले गल्लीतच गाठलं. म्हने, "तुमी अंजनाचे भाऊ का?"

तो चपला न काढताच आत आला. मी स्वेटर हातात घेऊन उभी. "पुरा झाला," म्हनलं. "दोनी बाह्या." हासू ठेवलं तोंडावर.

त्यानं घातला. अंग त्याच्यावर गोनपाटावानी लोंबलं. बाह्या बोटायच्या खाली गेल्या, गुडघ्याच्या खाली गेल्या. मले वाटलं आता हासन, झुनका नाकात जाईन तसा हासन. तो बाहीच्या टोकाकडे पाहत राह्यला.

"हे कोनाचं माप व्हय?"

"तुमचंच."

"गल्लीतले म्हनते तुह्या खिडकीत मानूस बसते."

मंग मले खरंच हासू आलं. म्हनलं एवढंच व्हय. खाटेखालून गाडगं काढलं, उशी काढली, मोजे काढले. "हा पाहा तुमचा मानूस. हे त्याचं मुंडकं. तुळसाबाईले फसवलं मी, गंमत केली." चिंध्या भरलेला हात त्याच्या समोर धरला. "ह्याच्यावर माप घेतलं मी. एवढंच."

लहानू भांडनारा मानूस नव्हता. त्यानं तो चिंध्यायचा हात घेतला, खाली ठेवला. स्वेटर अंगातून काढला, बाही त्या हाताच्या बाजूले पसरली. चिंध्यायचा हात संपला, अन् त्याच्यापुढं बाही अजून तेवढीच होती.

"ह्याचं माप घेतलं म्हनते," तो म्हने. "मंग हे पुढचं कोनाचं?"

तू सांग, काय सांगतलं असतं तुनं?

त्यानं स्वेटर खुर्चीवर टाकला अन् सांजच्या गाडीची वाट न पाहता गेला. मी दारात उभी राह्यली. वळला नाही. अन् मांगून, खोलीतून, खुर्ची करकरली, जसं कोनी उठता उठता पुन्हा बसते.

८

नाही, टाकलं नाही त्यानं मले. येत राह्यला. आंधी रविवारी, मंग महिन्यानं, मंग दिवाळीले. भिंतीले टेकून खाली बसे, खुर्चीवर कदी नाही. क्वार्टर भेटलं, दुसऱ्या गड्यायनं बायका नेल्या. एकदा मी लाज सोडून म्हनलं, "मले न्या ना. एकटीनं नाही राहावत."

तो खुर्चीकडे पाहून म्हने, "तू एकटी कुठं हायस."

झालं. तो गेला, तुळसाबाई गेली, बाप गेला. गाडगं मी त्याच रविवारी फोडलं, उशी जाळली, चिंध्यायनं चूल सारवली. खुर्चीवर काही नाही, पाहूनच घे. नुसता स्वेटर हाय पाठीवर टाकलेला.

विनते ना. दर थंडीत विनते. ते हिरवी लोकर कवाच सरली, आता भेटते त्या रंगाची जोडते. फंदे बंद नाही केले कदी. बंद करून काय फायदा, बाही पुरत नाही.

खुर्चीखाली ते गुंडाळी दिसते? तू गोधडी समजली व्हय आल्यापासून. गोधडी नाही व्हय ते.

काय झालं वं? पाय वर काहून घेतले? मी तुले आंधीच सांगतलं होतं, माह्यावर भरोसा ठेवू नोको. तुह्या सासूले नळाचं ताक पाजनारी बाई मी. तोंडावरून ओळखता येते का पाह्य बरं, मी थुंकी गिळली का नाही गिळली?

हा घे तुहा कागद. घरी जाऊन वाच, बोट ठेवून वाच. अन् जिथं अंगाले लावून पाहा म्हनन, तिथं नवरा घरी येईपर्यंत थांबजो. थांबता नाही आलं तरी थांबजो.

चाल, ऊठ. ऊन खिडकीत आलं. मले पिढा ओढू दे. सरळ बसले ते, हात खाली सोडला त्याइनं. जा पोरी, जा आता.